नापास झाल्याचा कागद

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरची प्रमाणपत्र परीक्षा संगणकावर होते. पेपर संपल्यावर निकालासाठी महिनाभर वाट पाहावी लागत नाही. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढे तात्पुरते उत्तर केंद्रावरच मिळते आणि सविस्तर गुणपत्रक मागाहून येते. दरवर्षी हजारो नर्स ही परीक्षा देतात. बहुतेक जणी पहिल्या खेपेला पार होतात, पण न होणाऱ्याही हजारोंच्या घरात असतात. त्यांच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही आणि त्याही बोलत नाहीत. रमजानच्या या दिवसांत अशाच एका परिचारिकेची दुसऱ्या खेपेची तयारी चालू आहे. ती मूळची मिरजेची, सध्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात राहते. तिच्या विनंतीवरून नाव येथे दिलेले नाही.

नर्स, पण औषध लिहून देणारी

आपल्याकडे सिस्टर म्हटले की डॉक्टरांनी लिहिलेले औषध वेळेवर देणारी, सलाईन लावणारी, रात्रभर जागणारी बाई डोळ्यांपुढे येते. नर्स प्रॅक्टिशनरचे काम याच्या पुढचे आहे. ती रुग्णाला तपासते, तपासण्या सांगते, निदान करते आणि औषधही लिहून देते. या कामाची सुरुवात 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी तिथे पहिला प्रशिक्षणक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते आणि नर्स पोहोचत होत्या. मग त्याच नर्सना अधिक शिकवले तर काय होईल, असा साधा विचार त्यामागे होता. लॉरेटा फोर्ड 2025 च्या जानेवारीत वयाच्या 104 व्या वर्षी वारल्या, तोवर अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर झाल्या होत्या. निम्म्याहून अधिक राज्यांत त्या स्वतंत्रपणे रुग्ण पाहू शकतात. टेक्साससारख्या राज्यात औषध लिहिण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार असावा लागतो.

भारतातही ही वाट हळूहळू तयार होते आहे. अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम गेल्या दशकात सुरू झाला. बाळंतपणाच्या सेवेसाठी असे मनुष्यबळ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने 2018 मध्ये आणली. त्यामुळे नर्सिंग कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या गावच्या मुलींनाही हा विषय परका राहिलेला नाही.

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे तर आधी नोंदणीकृत नर्स असावे लागते, मग पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास पूर्वी 500 होते, 2022 च्या नव्या निकषांनी ते 750 केले. त्यानंतर प्रमाणपत्र परीक्षा. कुटुंबातल्या सर्व वयाच्या रुग्णांना पाहणाऱ्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरसाठी मुख्यतः दोन संस्था ही परीक्षा घेतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्स सर्टिफिकेशन बोर्डाच्या पेपरात 150 प्रश्न आणि तीन तास असतात. अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरच्या पेपरात 175 प्रश्न आणि साडेतीन तास. पदवी हातात असली तरी बहुतेक राज्यांत हे प्रमाणपत्र मिळेपर्यंत या पदावर कामाला सुरुवात करता येत नाही.

मिरज ते ह्यूस्टन

मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. तिथल्या मुलीला नर्सिंगचे अप्रूप नसते, ओळख असते. तिचे वडील एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले, आई घरी शिवणकाम करायची. बी. एस्सी. नर्सिंग, पुण्यात चार वर्षे नोकरी, मग अमेरिकेतली एनक्लेक्स परीक्षा. ती एकदाच दिली आणि पास झाली. ह्यूस्टनमध्ये तिने नऊ वर्षे अतिदक्षता विभागात काढली. आठवड्यात तीन रात्री, प्रत्येकी बारा तास. त्यातूनच सवड काढून तीन वर्षांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. त्याचे कर्ज अजून फिटायचे आहे.

पदवी मिळाल्याचे कळले तेव्हा मिरजेत अम्मीने गल्लीत पेढे वाटले. "पोरगी आता औषध लिहिणार," एवढे सांगितले तरी गल्लीने त्याचा अर्थ "डॉक्टरीण झाली" असा घेतला. वर्गात पहिल्या पाचांत असलेल्या या मुलीने नोव्हेंबरमध्ये परीक्षा दिली आणि ती नापास झाली. गुण आले 471. उत्तीर्ण होण्यासाठी 500 लागतात.

एका क्लिनिकने तिला जागा देऊ केली होती, प्रमाणपत्राच्या अटीवर. त्यांनी मे अखेरपर्यंत थांबायची तयारी दाखवली आहे, त्यापुढे नाही. नर्सची जुनी नोंदणी आणि जुनी नोकरी शाबूत आहे. ही परीक्षा चुकली म्हणून ती कुणी काढून घेत नाही. तरी ती तीन आठवडे घरी खोटे बोलत राहिली. फोनवर अम्मीने विचारले की सांगायचे, "निकाल अजून यायचाय." नवऱ्याला खरे माहीत होते, पण त्यालाही तिने गप्प बसवले होते. त्या तीन आठवड्यांत तिने अभ्यासाचे एक पानही उलटले नाही. जी गोष्ट झालीच नाही असे सांगायचे, तिची दुरुस्ती तरी कशी करणार?

शेवटी एका रात्री तिने वडिलांना फोन केला. रडू आवरून सांगितले. अब्बांनी एवढेच विचारले, "फिर कब है पेपर?" अम्मीने फोन घेतला. "प्रवासात, आजारपणात रोजा सुटला तर आपण नंतर कजा करतोच ना? तेव्हा कोण कुणाला नावे ठेवतो? हेही तसेच समज. आणि पेढ्यांचे मी बघते."

कजा म्हणजे सुटलेला रोजा रमजाननंतर सवडीने पुरा करणे. मुसलमान घरांत ही गोष्ट इतकी रोजची आहे की तिची लाज वाटत नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत एटीकेटीही तशीच रोजची आहे. पण घर सोडून परदेशी गेलेल्या, घरच्यांच्या तोंडी कौतुकाचा विषय झालेल्या मुलीला मात्र नापास होण्याची परवानगी नसते. ही परवानगी मिळाली, त्या रात्रीपासून तिची खरी तयारी सुरू झाली.

कागद काय सांगत होता

नापास झालेल्या उमेदवाराला जे पत्रक मिळते त्यात गुणांबरोबर एक हिशेबही असतो. रुग्णाची तपासणी, निदान, उपचाराची आखणी आणि उपचाराचा परिणाम पाहणे, या चार भागांत तो कुठे कमी पडला, हे त्यात असते. बहुतेक जण हे पत्रक एकदा पाहतात आणि कपाटात तळाशी ठेवतात. तिनेही तेच केले होते. डिसेंबरमध्ये ते बाहेर काढले तेव्हा दिसले की तपासणीच्या भागात ती चांगली होती. ढासळली होती ती निदानात आणि उपचाराच्या आखणीत.

हे वाचून तिला आधी राग आला. नऊ वर्षे व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळलेल्या बाईला खोकला आणि घसा यांचे प्रश्न चुकावेत? तिच्याच वॉर्डात केरळची एक ज्येष्ठ नर्स आहे. तिला सगळ्या जणी 'चेची' म्हणतात, मल्याळममध्ये थोरली बहीण. चेची स्वतः तिसऱ्या प्रयत्नात पास झालेली. तिने पत्रक पाहिले, चार प्रश्न तोंडी विचारले आणि म्हणाली, "तू अजून औषध देणाऱ्याच्या जागेवरून पेपर सोडवतेस. पेपर विचारतो औषध लिहिणाऱ्याला."

याचा अर्थ एका प्रश्नावरून कळेल. रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल सुरू केलेली बाई तीन आठवड्यांनी कोरड्या खोकल्याची तक्रार घेऊन येते. ताप नाही, छाती स्वच्छ, वजन घटलेले नाही. आता काय कराल? पर्याय असे: छातीचा एक्स-रे, प्रतिजैविक, खोकल्याचे औषध, किंवा लिसिनोप्रिल थांबवून लोसार्टनसारख्या दुसऱ्या गटातले औषध. तिने एक्स-रे निवडला होता. अतिदक्षता विभागात खोकला म्हणजे न्युमोनियाची शंका, म्हणून एक्स-रे आधी. पण चालत आलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या या बाईचा खोकला त्या औषधाचाच परिणाम आहे. या गटातल्या औषधांनी असा कोरडा खोकला होतो, हे तिला पाठ होते. ठाऊक असूनही वापरता आले नाही, कारण वॉर्डाची सवय आधी बोलली.

घसा दुखण्याचेही तसेच. ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेच्या पुढच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे, या चार खुणा आणि रुग्णाचे वय पाहून घशाची झटपट चाचणी करायची की नाही, ते ठरते. सरळ प्रतिजैविक लिहिणे सोपे असते, पण ते बरोबर नसते. नाक वाहते आहे, खोकला आहे, ताप नाही, तर बहुधा विषाणूचा आजार. तिथे काही न लिहिणे हाच उपचार ठरतो.

मात्र प्रत्येक ठिकाणी थांबणे शहाणपणाचे असते, असेही नाही. सत्तरीच्या बाईंचे कानशील नव्यानेच दुखू लागले आहे, चावताना जबडा दुखतो, एकदा क्षणभर नजर अंधारली. हा कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या दाहाचा आजार असू शकतो आणि त्यात नजर कायमची जाऊ शकते. इथे तुकडा तपासून अहवाल येईपर्यंत थांबायचे नसते, स्टेरॉइड लगेच सुरू करायचे असते आणि तपासणी सोबत चालू ठेवायची. या प्रश्नात तिने "तज्ज्ञांकडे पाठवून अहवालाची वाट पाहणे" निवडले होते. वॉर्डात असा निर्णय डॉक्टर घेतात. क्लिनिकात समोर बसलेली तीच असणार आहे.

चुकलेले प्रश्न असे एकेक करून पाहिल्यावर तिचा राग ओसरला. परीक्षा अन्याय करते असे म्हणणे सोपे होते. पण ज्या दिवशी ती एकटी खोलीत बसून चिठ्ठी लिहील, त्या दिवशी समोरच्या बाईची नजर तिच्या एका निर्णयावर अवलंबून असेल. तो निर्णय ती घेऊ शकते का, एवढेच परीक्षा विचारत होती.

तरी या गुणपत्रकाने तिचे सगळे काही मोजले नाही, हेही तितकेच खरे. प्रशिक्षणाच्या तासांमध्ये एकदा मधुमेहाचे एक वृद्ध गृहस्थ आले होते. दुपारी साखर वारंवार उतरत होती आणि कारण सापडत नव्हते. तिने विचारले, "चाचा, रोजे चालू आहेत का?" ते रोजे ठेवत होते आणि ग्लिपिझाइडची सकाळची गोळी सहरीला घेत होते. दिवसभर पोट रिकामे असताना या गोळीने साखर धोकादायक उतरू शकते. गोळी आणि तिची वेळ बदलून घेतली गेली. साखर 70 च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हेही तिने त्यांना त्यांच्या भाषेत समजावले. अशा प्रश्नाला पेपरात रकाना नसतो. दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या आहेत: तिला रुग्ण कळतात, आणि ती नापास झाली आहे.

चुकांची वही

पहिल्या खेपेला तिने दोन शिकवण्या लावल्या होत्या, तीन जाडजूड पुस्तके रंगीत पेनांनी रंगवली होती आणि मोबाइलवर तीन हजारांवर प्रश्न सोडवले होते. प्रश्न चुकला की बरोबर अक्षर पाहायचे, "अरे हो" म्हणायचे आणि पुढे जायचे. दुसऱ्या खेपेला तिने पुस्तक एकच ठेवले आणि दोनशे पानी वही आणली. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात तीन ओळींत उतरतो. मी हे उत्तर का निवडले? प्रश्नातला कोणता शब्द माझ्या नजरेतून निसटला? उरलेली तीन उत्तरे का चुकीची?

दीड महिन्यानंतर तिने वहीतल्या पहिल्या दोनशे चुका मोजल्या. माहितीच नव्हती म्हणून झालेल्या चुका निम्म्याहून कमी निघाल्या. बाकीच्या वाचण्यातल्या होत्या. "सर्वप्रथम काय कराल" आणि "सर्वांत योग्य उपचार कोणता" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर अनेकदा नीट विचारपूस किंवा एखादी साधी तपासणी असते, दुसऱ्याचे औषध. ती दोन्हींना औषधच लिहीत होती.

काही चुका जुन्या नोट्सच्या होत्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी कधी सुरू करायची? तिच्या जुन्या वहीत 50 वर्षे होते. यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने ते 2021 मध्ये 45 वर आणले. स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी सरसकट वय आधी 50 होते, 2024 पासून ते 40 आहे, दर दोन वर्षांनी, 74 पर्यंत. मैत्रिणीने प्रेमाने दिलेल्या नोट्स दोन-तीन वर्षांतच शिळ्या होतात, हे पुन्हा बसणाऱ्याने आधी तपासावे.

पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेत राहणे अधिक टिकते, याला आधार आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. रंगवलेले पान ओळखीचे वाटते. ओळखीचे वाटणे आणि येणे यांत फरक आहे, तो परीक्षेच्या खोलीत कळतो.

आणखी एक समज तिने सोडला. "पहिले उत्तर बदलू नये," असे आपल्याकडेही शिक्षक सांगतात. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इलिनॉय विद्यापीठातल्या 1,561 उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली गेली. बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीची होती ती बरोबर झाली, 25 टक्के बरोबर होती ती चुकली. म्हणजे प्रश्न पुन्हा वाचताना निसटलेला शब्द सापडला असेल तर उत्तर बदलावे. केवळ घाबरून बदलू नये. तिच्या वहीत दोन्ही प्रकार आहेत आणि कोणता कधी होतो, हे आता तिला कळते.

नियमांचेही बंधन आहे. ज्या बोर्डाची परीक्षा ती देते, ते पुन्हा बसण्याआधी कमकुवत भागांमध्ये 15 तासांचे शिक्षण नव्याने पूर्ण करायला लावते आणि एका कॅलेंडर वर्षात दोनच संधी देते. दुसऱ्या संस्थेत 60 दिवस थांबावे लागते आणि बारा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. पुन्हा शुल्क भरावे लागते ते वेगळेच. पुष्कळ जणांना ही शिक्षा वाटते. तिने ते 15 तास निदान आणि औषधयोजना यांवरच खर्च केले. नापास झाल्यावर लगेच पुढची तारीख घेऊन सूड उगवल्यासारखे पेपरला जाणाऱ्यांना हा थांबा उपयोगीच पडतो.

रमजानचे वेळापत्रक

जानेवारीपासून घड्याळ लावून सराव सुरू झाला. 150 प्रश्नांना तीन तास म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. तासाला पन्नास प्रश्न झाले की गती बरोबर आहे, एवढे गणित तिने लक्षात ठेवले आहे. शिवाय या 150 पैकी 15 प्रश्नांचे गुणच धरत नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात. कोणते ते उमेदवाराला कळत नाही. नोव्हेंबरमध्ये एका अवघड प्रश्नावर ती पाच मिनिटे अडून बसली होती. तो प्रश्न कदाचित मोजलाही गेला नसेल. त्याने पुढच्या चार प्रश्नांचा वेळ मात्र खाल्ला.

रमजान आला तेव्हा प्रश्न पडला, रोजे, रात्रपाळी आणि अभ्यास एकत्र बसवायचे कसे? तिने आधी परीक्षेची तारीख ईदनंतर साडेतीन आठवड्यांनी घेतली. ड्युटीच्या तीन रात्री अभ्यासाला हात लावायचा नाही, हे ठरवून टाकले. त्या रात्री इफ्तार वॉर्डात होतो, खजूर आणि पाण्यावर. चेची तेवढी दहा मिनिटे तिचे मॉनिटर सांभाळते. सहरीही तिथेच, डब्यातली. घरी असते त्या दिवशी सहरी आणि फज्रच्या नमाजनंतरचे दोन तास अभ्यासाचे. पोट भरलेले, घर शांत, फोन बंद. तेव्हा नवे प्रश्न. दुपारी झोप. असरनंतर डोके चालत नाही, म्हणून तेव्हा फक्त वही चाळायची, नवीन काही घ्यायचे नाही. सुट्टीच्या शनिवारी तीन तासांचा पूर्ण पेपर.

पहिल्या आठवड्यात हे जमले नाही. दोन दिवस ती फज्रनंतर वहीवरच झोपली. मग तिने दोन तासांचा एक केला आणि तो मात्र चुकवला नाही. नवऱ्याने इफ्तारच्या तळणाचा घाट बंद केला आहे. फळे, हलीम किंवा डाळीचे सूप, तेवढेच. "भजी ईदनंतर, पास झाल्यावर," असे तो म्हणाला तेव्हा तिने त्याला थांबवले. "पास झाल्यावर नको. ईदनंतर." खाण्यापिण्याला, बोलण्याचालण्याला निकालाची अट लावायची नाही, असे दोघांत ठरले आहे.

घरच्यांनी काय करावे

परीक्षा कोणतीही असो, नर्सिंगची, नीट, एमपीएससी किंवा सीए, नापास झालेल्याला दोन प्रकारची माणसे भेटतात. "नशिबात नव्हते" म्हणणारी आणि "अभ्यास कमी पडला" म्हणणारी. पहिल्याने प्रश्नच मिटतो, कारण नशिबापुढे करण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्याने माणूस तोच अभ्यास दुप्पट करतो आणि त्याच चुका दुप्पट सरावाच्या होतात. चेचीने यांतले काहीच म्हटले नाही. तिने पत्रक मागितले आणि प्रश्न विचारले.

घरच्यांना विषय कळत नसतो. एसटीतल्या वाहकाला लिसिनोप्रिल कळणार नाही, कळण्याची गरजही नाही. त्यांनी करायच्या गोष्टी तीनच. निकाल लपवावा लागेल असे वातावरण घरात ठेवू नये. पुढची तारीख विचारावी, पण दर दोन दिवसांनी विचारू नये. आणि पाहुण्यांना, शेजाऱ्यांना काय सांगायचे ते आपल्यावर घ्यावे. मिरजेत अम्मीने ते घेतले आहे. "पोरगी काय म्हणते?" असे गल्लीत कुणी विचारले की ती सांगते, "एक पेपर राहिलाय, ईदनंतर देणार आहे." पेढे खाल्लेल्यांपैकी समोरच्या घरातल्या काकू यावर म्हणाल्या, "अहो, माझ्या धाकट्याचा सीएचा तिसरा प्रयत्न आहे, आम्ही कुठे सांगतो!" दोन घरांची समोरासमोर तीस वर्षे झाली, ही गोष्ट आत्ता बाहेर आली.

सरावाच्या पेपरांत ती आता चांगली उत्तरे लिहिते आहे, पण सरावाचे गुण म्हणजे निकाल नव्हे, हे तिला नोव्हेंबरने शिकवले आहे. यावेळीही झाले नाही तर क्लिनिकची जागा जाईल. या वर्षातली आणखी एक संधी उरेल, नर्सची नोकरी राहील, कर्जाचे हप्ते चालू राहतील. हे सगळे तिने नवऱ्याबरोबर बसून कागदावर मांडून ठेवले आहे. त्यामुळे भीती गेली नाही, पण तिचा आकार कळला.

दोनशे पानी वहीची आता साठेक पाने कोरी आहेत. ईदपर्यंत ती भरावीत, असा तिचा हिशेब आहे.